दारातला हात

बेंगळुरातल्या चिकपेटच्या मागल्या गल्लीत एखाद्या पोराचं अंग कोमट लागलं, की आई त्याला आधी डॉक्टरकडे नेत नसे, आप्पाजी मेस्त्रींकडे आणी. आप्पाजी ओट्यावर तंबाखू मळत बसलेले असायचे. ती बाजूला ठेवून ते हात धोतराला पुसायचे आणि उजव्या हाताची पालथी बाजू पोराच्या कपाळाला लावायचे. मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्यासारखं करायचे. ते पुटपुटणं निव्वळ नाटक आहे असं त्यांची बायको भागुबाई म्हणे, आणि तिचं खरंही असावं. पण हात नाटकी नव्हता. ऊन लागलंय, ताप नाही. किंवा हा ताप चढणार, डॉक्टरला दाखव. एवढंच ते सांगायचे आणि बहुधा तसंच व्हायचं. बहुधा म्हणायचं एवढ्यासाठी, की चुकलेले दिवस लोक विसरतात आणि बरोबर आलेले गावभर सांगत सुटतात. माणसाची पत अशीच वाढते.

हात मुळात रेशमावर घडलेला. दामोदरशेटच्या साड्यांच्या कारखान्यात आप्पाजी मेस्त्री होते. कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर, त्याखाली खडखडणारे यंत्रमाग, आणि त्या आवाजात खुणांनी बोलायला शिकलेली माणसं. मागावर ताणलेल्या धाग्यांवरून आप्पाजी तळहात फिरवायचे आणि कुठला धागा ढिला पडलाय, कुठला तुटायच्या बेतात आहे, ते दुसरीकडे बघत सांगायचे. त्यांचं घराणं कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळुरात आलेलं. कुठून आलात असं विचारलं तर ते 'वरून' म्हणत आणि उत्तरेकडे बोट करत. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडणात दोन्ही, असा त्यांचा कारभार.

आप्पाजींना पोटचं मूल नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय पाठोपाठ गेले आणि त्यांची लहानगी शालन या दोघांच्या पदरात आली. थोरल्या चुलत्याला ती इथल्या रीतीने दोडप्पा म्हणे, भागुबाईंना दोडम्मा. तिला यांनी वाढवली, कारखान्यात रेशीम गुंडाळून कांड्या भरायला शिकवली आणि तिथल्याच संताजी नावाच्या विणकराला दिली. पहिल्या बाळंतपणात शालन मरता मरता वाचली. मुलगी झाली, चंपा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की यापुढे जपा. आणि सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात शालनला पुन्हा दिवस गेले. तेव्हापासून आप्पाजींच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. ती उठली की यांचा जीव वर, बसली की खाली. चालताना तिने नुसता पदर सावरला तरी हे थांबून विचारायचे, काय झालं गं.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी फ्लूची साथ आली. मद्रासच्या बंदरात कुठल्या बोटीतून उतरली म्हणतात. सुरुवातीला लोकांनी हसण्यावारी नेलं. तीन दिवसांचा ताप, त्यात काय, पेज प्यायची आणि घोंगडी ओढून पडायचं. मग ऑफिसं ओस पडू लागली, सिनेमाच्या थिएटरांना कुलपं लागली, आणि चिकपेटच्या गर्दीत मोकळं चालता येऊ लागलं. चिकपेटमध्ये मोकळं चालता येणं यासारखं अशुभ दुसरं काही नाही. अंत्ययात्रा वाढल्या तेव्हा हसणं थांबलं.

एक दिवस सायकलवरून हेल्थ इन्स्पेक्टर आला आणि कारखान्याच्या दारावर साथीच्या कायद्याचा हुकूम डकवून गेला. जाण्याआधी त्याने तो कन्नडमध्ये समजावूनही सांगितला. बिचारा दिवसभर हेच करत हिंडत असावा, घसा बसलेला होता. खिडक्या उघड्या ठेवायच्या. पाण्याच्या माठावर एकच तांब्या ठेवायचा नाही. तोंडाला लागणारी प्रत्येक वस्तू उकळत्या पाण्यातून काढायची. धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा नाही. रोज सकाळी दारातच प्रत्येकाचा ताप थर्मामीटरने बघायचा आणि ताप असलेल्याला आत घ्यायचं नाही. आत तापाचा माणूस सापडला तर कारखान्याला टाळं आणि मालकावर खटला.

दामोदरशेटचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. त्याचंही अगदीच चूक नव्हतं. आषाढ लागला की बेंगळुरात जो वारा सुटतो तो रेशमाचा वैरी. खिडकी उघडली की ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, फडफडतो, धागे कोरडे पडून तटातट तुटतात आणि वर धूळ बसते ती वेगळीच. आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा, त्याची गोष्ट त्याहून अवघड. त्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. तिथे तोंड लावायचं आणि श्वास ओढायचा, की धागा जिभेवर येतो. बापजाद्यांपासून हेच चालत आलेलं. एका पाळीचा विणकर गेला की दुसऱ्या पाळीचा त्याच धोट्याला तोंड लावणार. इन्स्पेक्टरने तारेचे आकडे वापरायला सांगितले होते. ते दोन दिवस वापरून झाले. आकड्याने रेशीम फाटतं असं ठरलं, आणि सगळे पुन्हा तोंडावर आले. आप्पाजींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्यांचा हिशेब सरळ होता: दारातून ताप आतच आला नाही, तर धोट्याला कुणाचंही तोंड लागेना का.

म्हणजे सगळी मदार दारावर आली. दामोदरशेटने थर्मामीटर विकत आणून आप्पाजींच्या हाती दिला आणि दारात उभं राहण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. आणि आप्पाजींनी पहिल्याच दिवशी तो फोडला. हयगयीने नव्हे, फार काळजी घेतल्याने. तोंडाला लागणारी प्रत्येक वस्तू उकळायची, असा हुकूम होता. थर्मामीटर तर जिभेखालीच ठेवायचा. तेव्हा त्यांनी चुलीवर पातेलं चढवलं, पाणी खळखळू दिलं आणि ती काचेची नळी त्यात भक्तिभावाने सोडली. टचकन आवाज झाला आणि पाऱ्याचे मणी पातेल्याच्या तळाशी पळू लागले. भागुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. एका हुकुमाने दुसरा हुकूम असा मोडला, आणि दोन्ही पाळणारा माणूस एकच.

दुसरा थर्मामीटर आणावा तर गावात मिळेना. औषधांच्या दुकानांतून ते केव्हाच संपले होते. दामोदरशेट हळूच म्हणाला, गाजावाजा नको, मेस्त्री, तुमचा हात काय थर्मामीटरपेक्षा कमी आहे? विणकरही तेच म्हणाले. त्यांना ती थंड काच तोंडात धरणं नकोच होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून सगळे मोकळे झाले. आप्पाजींनीही आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या दारात रांग लागू लागली. एकेक जण डोकं पुढे करी आणि आप्पाजी हात लावत. त्यांनी हयगय केली असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. एकाला परत पाठवलं, मग दुसऱ्याला. कुणी रडकुंडीला आलं, कुणी देवाची शपथ घेतली की हा नुसता उन्हाचा कडका आहे. आप्पाजी बधले नाहीत. शालनचा नवरा संताजी असाच एका सकाळी पुढे आला, तर त्यालाही दारातूनच फिरवलं. जावई म्हणून सवलत नाही. उलट त्याच दिवशी जाऊन त्यांनी शालनला आणि चंपाला आपल्या घरी आणून ठेवलं. संताजीची शेजाऱ्याने पेज-पाण्याची सोय केली आणि तो चार-पाच दिवसांत उठूनही बसला.

आता शालनने घरी राहावं, असं भागुबाईचं म्हणणं. पोटुशी बाई, कशाला त्या पत्र्याखाली न्यायची? पण आप्पाजींचं म्हणणं उलटं होतं, आणि त्यांना ते अगदी बिनतोड वाटत होतं. गल्लीत घरोघर माणसं खोकत पडलेली. शेजारीण येते, दूधवाला येतो, चंपाला कुणीही उचलून घेतं. इथे कोण कुणाचं कपाळ बघतंय? त्यापेक्षा कारखाना बरा. "गल्लीला दार नाही," ते बायकोला म्हणाले. "तिथं दार हाय, आणि दारात मी हाय." भागुबाईने नाद सोडला. शालनने तर वाद घातलाच नाही. दोडप्पा म्हणतील ते बरोबर, यावरच ती लहानाची मोठी झाली होती.

तेव्हा ती रोज त्यांच्याबरोबर जाई. चंपा भागुबाईपाशी राही. रांग संपली की सगळ्यांत शेवटी शालन कपाळ पुढे करी, गमतीने डोळे मिटून आणि स्वतःच काहीतरी पुटपुटून. आप्पाजी तिला लटकं रागवत आणि आत सोडत. दिवसाची ती वेळ आप्पाजींना फार आवडायची.

मग तो दिवस आला. वारा आदल्या रात्रीपासून पिसाळलेला होता. सकाळी आप्पाजींना उठवेना. अंग ठणकत होतं, दातावर दात आपटत होते. वारा बाधला असेल असं म्हणून त्यांनी डोक्याला मफलर गुंडाळला, कडक कॉफी घेतली आणि निघाले. भागुबाई चंपाला न्हाऊ घालत होती, तिने वळून पाहिलं नाही. वाटेत शालन जरा मागे रेंगाळत होती. तिला दम लागत असेल, या दिवसांत लागतो, असं समजून तेही सावकाश चालले.

दारात रांग होती. पहिलं कपाळ गार. दुसरं गार. आप्पाजींना आधी खरं वाटेना. गेले कित्येक दिवस एखादं तरी कपाळ हाताला चटका देऊन जायचं आणि मग ते भांडण, त्या विनवण्या. आज एकही नाही. हंबीरराव म्हणून म्हातारा विणकर होता, त्याचे डोळे गुंजेसारखे लाल दिसत होते. आप्पाजींनी त्याच्या कपाळावर हात मुद्दाम जास्त वेळ ठेवला. गार. हंबीरराव स्वतःच चकित झाला. म्हणाला, रात्री अंगात कसकस होती बुवा, पण तुम्ही म्हणताय तर नसेल. आणि आत गेला. आप्पाजींच्या छातीवरचा धोंडा हलल्यासारखा झाला. साथ उतरली, त्यांना वाटलं. आपल्या दारापुरती तरी उतरली. त्या कुडकुडत्या अंगानेही त्यांना उल्हास वाटला, हे फार वाईट झालं.

शेवटी शालन. आज तिने डोळे मिटले नाहीत, पुटपुटली नाही.

"दोडप्पा, स्वल्प नीट बघा," ती म्हणाली. "मला बरं वाटंना झालंय."

त्यांनी नीट बघितलं. कपाळ बघितलं, गळा बघितला, मनगट धरलं. माठाला हात लावावा तसं सगळं गार.

"गार हाईस गं. काय नाही."

"खरंच? मला तर घरी जाऊन पडावं वाटतंय."

"घरी काय हाय? सगळी गल्ली खोकतीय. इथं माझ्या नजरंसमोर बस."

शालन क्षणभर उभी राहिली. तिचं शरीर एक सांगत होतं आणि दोडप्पांचा हात दुसरं. तिने आयुष्यभर जे केलं तेच केलं. 'सरी', बरं, म्हणाली, पदर कमरेला खोचला आणि आत जाऊन कांड्यांच्या चरख्याशी बसली.

आत वाऱ्याने ताणे तुटत होते, विणकर वैतागले होते. दामोदरशेट हात चोळत फिरत होता. आणि आप्पाजींनी, हुकमाचा अक्षर न् अक्षर पाळणाऱ्या आप्पाजींनी, स्वतःच सांगितलं, की खिडक्या लावा. आज कुणालाच ताप नाही, मग कशासाठी रेशमाचा सत्यानाश करायचा? खिडक्या धडाधड लागल्या. वारा थांबला, माग एका लयीत चालू लागले आणि पत्र्याखाली सगळ्यांचा श्वास कोंडून राहिला. आप्पाजी एका खांबाला टेकून बसले. त्यांना माग दोन-दोन दिसत होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुपारच्या जेवणाआधी हंबीरराव मागावरच वाकला. लोक त्याला उचलत असतानाच पलीकडून अंबूबाईची हाक आली. अंबूबाई शालनच्या शेजारी कांड्या भरायची. शालन चरख्यावर कलंडली होती, भरलेल्या कांड्या तिच्या मांडीवरून घरंगळून पसरल्या होत्या. एकेक माग बंद पडला. इतक्या आवाजानंतरची ती शांतता कानाला सोसेना.

आप्पाजी कसेबसे तिथवर पोचले आणि त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. अंबूबाई सांगत होती, मेस्त्री, पोर भाजतीय, तव्यासारखी भाजतीय.

"न्हाई," आप्पाजी म्हणाले. "गार हाय. चक्कर आली असंल. हे बघ, गार हाय."

अंबूबाईने त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. परक्या पुरुषाला हात लावायची रीत नव्हती, पण तिने रीत बाजूला ठेवली, हात लांब केला आणि त्यांच्या कपाळावर ठेवला. ठेवला आणि लगेच मागे घेतला.

"मेस्त्री," ती हळू म्हणाली, "तुम्हीच पेटलाय की."

आप्पाजींनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. सकाळपासूनची सगळी गार कपाळं त्यांना आठवली असतील. तापलेल्या हाताला सगळं जगच गार लागतं, हे तान्ह्या लेकराच्या आईलाही कळतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपला हातही कधी तापेल, हे मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. दारातून जाणाऱ्या प्रत्येकाचं कपाळ बघितलं गेलं. दारात उभ्या असलेल्याचं बघायला कुणी नव्हतं.

पुढचं त्यांना धड कळलं नाही. शालनला टांग्यात घालून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे व्हरांड्यातसुद्धा माणसं निजवली होती. आधी पोटातलं मूल गेलं. मग छातीत पाणी झालं, आणि ती गेली. संताजी तिच्याजवळ होता. आप्पाजी घरी तापात बडबडत पडले होते आणि भागुबाई एका डोळ्याने त्यांना आणि एका डोळ्याने चंपाला सांभाळत होती. ताप उतरला तेव्हा शालनची राखही थंड झाली होती. हंबीरराव मात्र खडखडीत बरा झाला.

कारखान्याला टाळं लागलं. चौकशीला तोच इन्स्पेक्टर आला, आता त्याचा घसा पारच गेला होता. थर्मामीटर कुठे आहे, असं त्याने विचारलं. दामोदरशेट काहीतरी रचून सांगणार तेवढ्यात आप्पाजी म्हणाले, उकळताना फुटला. कशाला उकळलात? तुम्हीच सांगितलंत, तोंडाला लागेल ते उकळा म्हणून.  इन्स्पेक्टरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. उकळत्या पाण्यात थर्मामीटर फुटतो, हे हुकूम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि समजावणाऱ्याच्याही. ते आप्पाजींच्या चुलीवरच कळायचं होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरने संताजीला सांगितलं होतं, की पोटुशा बायकांना ही साथ सोसत नाही. त्या दिवशी ती घरी पडून राहिली असती तर कदाचित वाचली असती, कदाचित नसतीही. संताजीने ते जसंच्या तसं आप्पाजींना सांगितलं, धीर म्हणून. नुसतं 'वाचली असती' म्हटलं असतं तर आप्पाजी एकदाच काय ते रडले असते. 'नसतीही' म्हटलं असतं तर कधीतरी झोपले असते. या 'कदाचित'ने त्यांना धड काहीच करू दिलं नाही. संताजीने शब्दाने दोष दिला नाही, पण त्याला त्या मागासमोर उभं राहवेना. तो हुबळीकडे गिरणीत गेला, तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. चंपा आप्पाजी-भागुबाईंकडे राहिली.

टाळं निघालं तेव्हा आप्पाजी कामावर गेले, पण मेस्त्रीपण त्यांनी सोडलं. ताण्यावर हात फिरवेनात. साधे विणकर म्हणून बसले आणि धोट्याचा धागा तारेच्या आकड्याने काढू लागले. रेशीम फाटलं की दामोदरशेटची बोलणी मुकाट्याने खायचे. गल्लीतल्या बायका एक-दोनदा पोरांना घेऊन ओट्यापाशी आल्या. आप्पाजी हात घोंगडीत घालून बसायचे, वर बघायचे नाहीत. बायका समजल्या. मग त्या डॉक्टरकडे जाऊ लागल्या. तसं पाहिलं तर त्यात त्यांचं भलंच झालं.

भागुबाईला वाटायचं, काळ जाईल तसं हे निवळेल. काळ गेला. चंपा वाढली, शाळेत जाऊ लागली, आईसारखीच मान वेळावून बोलू लागली. आप्पाजी तिला शाळेत पोचवत, शेंगा सोलून देत, तिचे पाठ तिच्याकडून म्हणवून घेत. पण तिच्या कपाळाला त्यांनी कधी हात लावला नाही. लहानपणी ती आजारी पडली की ते अंगणात जाऊन उभे राहायचे. चंपाला वाटे, अज्जांना आजाराची भीती आहे. घरात थर्मामीटर होता, पत्र्याच्या डबीत कापसात गुंडाळलेला. तो भागुबाई बघायची.

साठचं दशक सरत आलं तेव्हा पुन्हा एक साथ आली. पुन्हा हुकूम निघाले, पुन्हा कारखान्यांच्या दारात माणसं उभी राहिली. आप्पाजी तेव्हा घरीच असायचे. कारखान्यातून निरोप आला, की तुम्हाला जुनी माहिती आहे, चार गोष्टी सांगा. ते गेले आणि एकच सांगून आले: दारात जो उभा राहील, त्याला आधी दुसऱ्या कुणीतरी बघायचं, मगच त्याने इतरांना बघायचं. पोरांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्याचं खूळ, असं कुणी मागून म्हणालं असेल तर नवल नाही.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी चंपा शाळेतून आली आणि दप्तर टाकून आप्पाजींजवळ ओट्यावर बसली. डोकं जड झालंय म्हणाली. थर्मामीटर घरात नव्हता, हंबीररावाच्या सुनेने सकाळी नेला होता. भागुबाई आत भाकऱ्या थापत होती.

"अज्जा, बघा की ताप हाय का."

आप्पाजींनी हात मांडीखाली घेतले. आजीला बोलावतो म्हणाले. पण चंपा आता तेरा-चौदा वर्षांची होती, हट्टी होती, आणि या हातांची तिला काहीच कथा सांगितलेली नव्हती. तिने हसत त्यांचा उजवा हात ओढून काढला आणि आपल्या कपाळावर ठेवला.

इतक्या वर्षांनी त्या हाताला माणसाचं कपाळ लागलं. ते गार होतं.

दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं.  आप्पाजी उठले आणि भिंत धरत आत गेले. भागुबाईच्या समोर चुलीपाशी बसून म्हणाले, "भागू, आधी मला बघ."

काय झालं असेल ते भागुबाईने ओट्याकडे एकदा बघून ओळखलं. पिठाचा हात पुसून तिने त्यांच्या कपाळाला लावला. मग गळ्याला लावला.

"गार हाय," ती म्हणाली. "तुम्हाला ताप नाही. तुम्हाला गार लागली असंल तर पोर गारच हाय."

आप्पाजींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. धरला आणि चाचपत राहिले, त्यांना काय हवंय ते तिला लवकर कळेना.

"आणि तुला?" त्यांनी विचारलं. "तुला कोण बघितलं?"

 चुलीशी बसलेल्या बाईचे हात तापलेलेच असतात, हे भागुबाईला त्याच क्षणी जाणवलं, आणि ते तिने त्यांना सांगितलं नाही. चंपा दारात येऊन उभी राहिली होती. भूक लागलीय, ती म्हणाली. भागुबाईने तव्यावरची भाकरी उलटली आणि दुसरा हात आप्पाजींच्या हातांत तसाच राहू दिला.